राष्ट्राध्यक्षांच्या गालाचा रंग

सुरतेत काय करत होता असं कुणी विचारलं, की मी सांगतो, कापड छापत होतो. समोरचा म्हणतो, म्हणजे साड्या. मी हो म्हणतो. साड्या छापल्याच, ढिगांनी छापल्या. पण पलसाण्याच्या ज्या मिलमधून मी कलर मास्टर म्हणून निवृत्त झालो, तिथं साड्यांच्या शेजारच्या मशीनवर राष्ट्राध्यक्षही छापले जायचे. हे मी सहसा सांगत नाही, कारण मग लोकांना वाटतं म्हातारा थापा मारतोय.

वडील अमळनेरकडून लूमवर कामाला आले तेव्हा मी लहान होतो. भेस्तानला आमचं घर झालं आणि तिथंच आम्ही राहिलो. घरात अहिराणी, मिलमध्ये हिंदी, शेठशी गुजराती, आणि असं काही लिहायची वेळ आली तर शाळेतलं मराठी. शाळेत इतिहास माझा नावडता विषय. कोण राजा कधी बसला आणि कोण कधी उठला, हे माझ्या डोक्यात राहत नसे. मिलमध्ये गेल्यावर मात्र राहायला लागलं, कारण राजा उठला की आमची मशीन थांबायची.

मी मिलमध्ये नवा होतो तेव्हा सोव्हिएत देशाचा माल जोरात चाले. लाल जमिनीवर कोबीएवढाले गुलाब. आम्हाला ते भडक वाटत, पण तिकडच्या बायकांना बर्फात तसलंच आवडत असेल, असं आमचे जुने मास्टर म्हणत. एकदा माल छापून, घड्या घालून, गाठी बांधून तयार झाला आणि न्यायला कुणी येईना. मी मास्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘‘तो देशच राहिला नाही.’’ मला वाटलं गंमत करतायत. गिऱ्हाईक बुडतं, दुकान बुडतं, हे मला ठाऊक होतं. देश बुडतो, हे मी त्या दिवशी शिकलो. ते गुलाब पुढं रजईच्या खोळी होऊन बिहारकडं गेले.

आखातात युद्ध झालं तेव्हा तिकडच्या बुरख्यांसाठी छापलेल्या काळ्या कापडाचे ताके गोदामात छताला टेकले. युक्रेनचं युद्ध लागलं तेव्हा रंग आणि कोळसा दोन्ही महागले. तांबड्या समुद्रातून जहाजं जाईनाशी झाली तेव्हा आफ्रिकेचा माल हजीऱ्याच्या बंदराच्या वाटेवर कंटेनरमध्ये पडून राहिला. लोक युद्ध टीव्हीवर बघत. आम्ही बॉयलरचा धूर बघत असू. तो निघाला नाही की समजायचं, कुठंतरी काहीतरी पेटलंय.

आता चेहऱ्यांबद्दल सांगतो. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत रीत आहे, की स्वातंत्र्यदिन असला, निवडणूक असली, की राष्ट्राध्यक्षाचा चेहरा असलेलं कापड काढायचं. बायका त्याचे झगे शिवतात, कमरेला गुंडाळतात, पुरुष सदरे करतात. सगळ्यांच्या अंगावर एकच चेहरा. हे कापड पूर्वी दुसरीकडं होत असे, मग स्वस्तात म्हणून सुरतेला आलं. शेठला कुणीतरी पहिली ऑर्डर मिळवून दिली आणि शेठनं ती माझ्या गळ्यात टाकली.

फूल छापणं सोपं. प्रत्येक रंगाची वेगळी जाळी असते, तिला आम्ही स्क्रीन म्हणतो. कापड पट्ट्यावरून पुढं सरकतं आणि एकेक स्क्रीन खाली उतरून आपापला रंग देऊन जातो. एखादा स्क्रीन केसभर हलला तर गुलाबाची पाकळी जरा जाड होते, एवढंच. चेहऱ्यात तो हलला तर राष्ट्राध्यक्ष तिरळा होतो. शिवाय कापडावर रंग पडतो तेव्हा तो मळकट दिसतो. वाफेच्या खोलीतून गेल्यावर त्याचं खरं रूप उघडतं. हिरवा, निळा कसा उघडेल हे शिकता येतं. माणसाच्या कातडीचा तपकिरी मात्र बेइमान. वाफेत कधी लाल होतो, कधी राखेसारखा. चार तपकिरी एकमेकांवर बसवून गाल उभा करायचा असतो आणि तो वाफेनंतर कसा दिसेल हे आधी मनात दिसावं लागतं. मला ते दिसायचं. यात नम्रपणा दाखवून उपयोग नाही, दक्षिण गुजरातेत तेव्हा ते फार थोड्यांना दिसत होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका देशाच्या कचेरीनं कळवलं, साहेबांच्या नाकाशेजारचा चामखीळ काढा. काढला. कापड गेलं. तिथल्या लोकांनी विचारलं, हा कोण? पुढच्या खेपेला चामखीळ घाला म्हणून निरोप आला. दुसऱ्या एका देशाची अट अशी, की बाईनं कापड कमरेला गुंडाळलं तर साहेबांचा चेहरा बसायच्या जागी येता कामा नये. आता बाई कापड कुठून धरणार हे पलसाण्यात बसून कसं सांगायचं? मी घरून सुमनला, माझ्या बायकोला, मिलमध्ये बोलावलं. तिच्याभोवती कापड गुंडाळून, खडूनं खुणा करून चेहऱ्यांची जागा ठरवली. ती बिचारी लाजून लाल. शेठ पाठ करून उभे.

या गिऱ्हाइकांमध्ये मामादू वेगळा. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचा हा माणूस. देशाचं नाव लिहीत नाही, कारण त्याला अजून तिथंच राहायचं आहे. तिथल्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडून तो सुरतेला यायचा. काम एकच: नमुना बघायचा आणि ओके म्हणायचं. त्याचं ओके आल्याशिवाय मशीन सुरू होत नसे. उंच, सावकाश बोलणारा, पन्नाशीच्या आतबाहेरचा. फ्रेंच त्याची शाळेतली भाषा, पण सुरतेच्या बाजारात फिरून हिंदी शिकला होता. मिलमधली पोरं त्याला मामा म्हणत. मराठीत मामा म्हणजे काय हे मी सांगितल्यावर त्याला ते नाव आवडलं.

बाकीचे लोक नमुना ट्यूबलाइटखाली बघत. मामादू तो घेऊन गेटबाहेर उन्हात जायचा. ‘‘मास्टर, मेरी औरत बाजार में बैठती है. धूप में बेचती है. ट्यूबलाइट में कौन खरीदेगा?’’ त्याची बायको राजधानीच्या बाजारात कापडाचं दुकान लावत असे. दोन मुली होत्या. एवढंच मला ठाऊक होतं.

त्या वर्षी त्याच्या देशातल्या राष्ट्राध्यक्षांची मोठी ऑर्डर होती. निवडणूक आली होती आणि साहेब पुन्हा उभे होते. हसरा चेहरा, सोनेरी चौकट, भोवती कापसाची बोंडं. गाल पहिल्याच नमुन्यात जमला. मामादूनं उन्हात धरला आणि ओके म्हणाला. मशीन चालू झाली.

सकाळची पाळी होती. मामादू घडी विभागात ताके तपासत होता. त्याचा फोन वाजला, त्यानं पाहिलं आणि तो हळूच एका गाठीवर बसला. मी जवळ गेलो तर त्यानं फोन माझ्यापुढं धरला. टीव्हीवर बातम्या देणाऱ्याच्या जागी गणवेशातले सैनिक बसले होते. एकजण कागदावरून काही वाचत होता.

‘‘क्या बोल रहा है?’’ मी विचारलं.

‘‘बोल रहा है, प्रेसिडेंट खतम. मरा नहीं, पर खतम. घर में बंद है.’’

मागं मशीन चालूच होती. हसरे साहेब एकामागून एक सुकायच्या पेटीत शिरत होते. मशीनवरचा बिपिन ओडिशाचा, समजूतदार माणूस. त्यानं आमच्याकडं बघून विचारलं, ‘‘मास्टर, चालू रखूं?’’ शेठचा फोन लागत नव्हता. मी मामादूकडं पाहिलं. तो कापडाकडं बघत होता. मग म्हणाला, ‘‘बंद कर दो.’’

बिपिननं बटण दाबलं. शेवटचा चेहरा अर्धा छापून राहिला.

पुढं जे झालं ते बातम्यांसारखंच झालं. त्या देशाचे विमानतळ बंद, सीमा बंद, फोन बंद. शेजारच्या देशांनी नाकेबंदी केली. मामादू सुरतेत अडकला. बायकोचा फोन लागत नव्हता. दोन-तीन दिवसांनी कुणीतरी त्याला एक व्हिडिओ पाठवला. राजधानीच्या चौकात जमाव कापड जाळत होता. मागच्या वर्षीचं, माझ्या हातचं. काठावरची वेल मी लगेच ओळखली. पॉलिस्टर सुती कापडासारखं जळत नाही, ते वितळतं आणि पेटते थेंब होऊन खाली गळतं. रस्त्यावर ते काळे थेंब पडताना दिसत होते. कुणाच्या अंगावर ते कापड असेल तर काय, हा विचार माझ्या मनात आला. मामादूच्याही आला असणार.

त्याच वेळी त्यानं मला पहिल्यांदा भावाबद्दल सांगितलं. सेकू नावाचा धाकटा भाऊ, वयात इतकं अंतर की यानंच त्याला वाढवलेला. तो राष्ट्राध्यक्षांच्या पहाऱ्यावर शिपाई होता. सैनिक महालात घुसले तेव्हा पहारेकऱ्यांपैकी काही मेले, काही धरले गेले. नावं कुणी सांगत नव्हतं.

घरी येऊन मी सुमनला हे सगळं सांगितलं. ती पोळपाट धूत होती. ती म्हणाली, ‘‘आते तो हॉटेलमा एकटा काय करी? त्याले घर लई या.’’

मी म्हटलं, परदेशी माणूस आहे, पोलिसांत कळवावं लागतं. ती म्हणाली, मग कळवा. मी मामादूला घेऊन ठाण्यात गेलो. फॉर्म भरताना तिथल्या साहेबांनी विचारलं, ‘‘देश कौन सा?’’ मामादूनं नाव सांगितलं. साहेबांनी पुढं विचारलं, ‘‘वहां अभी सरकार किसकी है?’’ मामादू म्हणाला, ‘‘साब, आपको पता चले तो मुझे भी बताना.’’ साहेब हसले आणि त्यांनी शिक्का मारून दिला.

वरच्या खोलीत त्याची सोय केली. पहिल्या दिवशी सुमननं पोळ्या केल्या. त्यानं खाल्ल्या, पण जेवला असं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यापुरती बाजरीची भाकरी टाकली होती. तिचा वास आला तसा तो जिन्यावरून खाली आला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. त्यांच्याकडंही बाजरीच. तिची पेज करतात, गोळे करतात, पण धान्य तेच. पीठ हातात घेऊन त्यानं ते हुंगलं आणि फ्रेंचमध्ये का कशात काहीतरी बोलला. सुमन अहिराणीत काहीतरी बोलली. त्या दिवसापासून त्या दोघांचं असंच चाले. तो त्याच्या भाषेत, ती तिच्या, आणि मी मधे असलो तर उगाच अडचण.

काही दिवसांनी बायकोचा फोन लागला. ती मुलींना घेऊन तिच्या आईच्या गावी सुखरूप पोचली होती. बाजारातलं दुकान गेलं होतं. सेकूचा पत्ता नव्हता.

आणि मग नवी ऑर्डर आली. त्याच व्यापाऱ्याकडून. जे जनरल आता गादीवर बसले होते, त्यांच्या जाहीर सभेसाठी कापड हवं होतं. टोपी, पदकं, न हसणारा चेहरा. सभेचा दिवस ठरलेला. व्यापाऱ्यानं मामादूला कळवलं: तू तिथंच आहेस, नमुना बघून ओके कर, विमानतळ उघडला की माल घेऊन परत ये. नव्या लोकांना तू जुन्या साहेबांचा माणूस वाटतोस. हे कापड घेऊन आलास तर वाटणार नाही.

मामादूनं मला हे जेवताना सांगितलं, अगदी सपाट आवाजात. सुमननं विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

आमच्या धंद्यात स्क्रीन फेकत नाहीत. जुनं चित्र औषधानं धुऊन काढतात आणि त्याच जाळीवर नवं चढवतात. हसऱ्या साहेबांचे स्क्रीन हौदावर धुतले गेले. पाण्याच्या माऱ्यानं आधी कान गेले, मग हसू. दुसऱ्या दिवशी त्याच चौकटींवर जनरल बसले. ते करणाऱ्या पोरांना त्यात विशेष काही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तोवर वाटलं नव्हतं.

मी गालाचा रंग बनवला. नमुना छापला, वाफेतून काढला. पहिल्याच झटक्यात जमला होता. डाव्या गालावर उजेड, जबड्याखाली सावली, टोपीखालचं कपाळ एक छटा गडद. आयुष्यात मी छापलेल्या चेहऱ्यांत तो बहुतेक सगळ्यात चांगला. मामादू तो घेऊन उन्हात गेला आणि परत आला.

‘‘नहीं, मास्टर. गाल में लाल ज़्यादा है.’’

मी नमुना घेतला, स्वतः उन्हात गेलो. लाल अजिबात जास्त नव्हता. मला राग आला. इतक्या वर्षांत या माणसानं माझ्या रंगाला खोटी नावं ठेवली नव्हती. मी त्याला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर नेलं आणि विचारलं, ‘‘सच बोलो, लाल ज़्यादा है?’’

तो चहाकडं बघत म्हणाला, ‘‘नहीं. बहुत अच्छा है.’’

‘‘फिर?’’

‘‘मास्टर, मैंने उधर बोला है, पहले मेरा भाई ढूंढो. जब तक मैं ओके नहीं बोलता, कपड़ा नहीं छपेगा. जब तक कपड़ा नहीं छपेगा, वो लोग मेरा फोन उठाएगा. ओके बोल दिया, फिर कौन उठाएगा?’’

मी विचारलं, व्यापाऱ्यानं दुसरा माणूस पाठवला तर? तो म्हणाला, विमानतळ बंद आहे, कोण येणार? मी विचारलं, आणि मी शेठला सांगितलं, की नमुना बरोबर आहे, तर?

तो म्हणाला, ‘‘फिर ओके हो जाएगा.’’ एवढंच. विनवणी नाही, हात जोडणं नाही. त्यानं चहा संपवला.

मी रंगाच्या खोलीत परत गेलो. बराच वेळ डब्यांपुढं उभा राहिलो. शेवटी दुसरा नमुना करायला घेतला आणि त्यात मुद्दाम लाल वाढवला. हे वाचायला सोपं वाटतं. रंग बिघडवणंही नीट करावं लागतं. फार बिघडला तर शेठ म्हणणार मास्टरला हाकला. अजिबात बिघडला नाही तर मामादूचं बोलणं खोटं पडणार. जरासा बिघडलेला, पण प्रयत्न केलाय असं दिसणारा हवा. माझ्या हातानं तो रंग ढवळताना मला अंगावर दुसऱ्या कुणाचे तरी कपडे घातल्यासारखं वाटत होतं.

मामादू उन्हात गेला, आला. ‘‘अभी भी लाल.’’

तिसरा मी राखेकडं झुकवला. ‘‘अब बीमार लगता है,’’ मामादू म्हणाला, आणि या वेळी तो खरं बोलत होता.

शेठ स्वतः खाली आले. माणूस वाईट नव्हता. पण ऑर्डर हातची जाईल या धास्तीनं त्यांचा आवाज चढला होता. ‘‘मास्टर, तमारी आंखने शुं थयुं छे? गाल नथी बनतो?’’

मी म्हटलं, ‘‘शेठ, वाफ सारखी लागत नाहीये. तपकिरी फुटतोय. असा चेहरा पाठवला तर ते म्हणतील जनरलला दारू पाजली.’’

शेठना हसू आलं नाही. त्यांचा मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, सचिन गावातल्या एका मिलमध्ये एक नवा मास्टर आहे, कॉम्प्युटरवर रंग काढतो, त्याला उद्या बोलावतो. शेठ माझ्याकडं बघत राहिले. मी नकार देईन, भांडेन, असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, ‘‘बोलवा.’’

खोलीतून बाहेर पडताना मागं कुणीतरी म्हणालं, मास्टर आता म्हातारे झाले. म्हणणारा वाईट हेतूनं म्हणत नव्हता, ते जास्त लागलं.

घरी येताना मी मामादूला सांगितलं, उद्या माझ्या हातात काही नाही. नवा माणूस हुशार आहे, पहिल्या नमुन्यात रंग काढेल, आणि शेठ तो स्वतः उन्हात नेऊन बघतील. मामादूनं गाडीतूनच व्यापाऱ्याला फोन लावला. फ्रेंच मला येत नाही, पण आवाज कळतो. तो आवाज चढला नाही. एक वाक्य त्यानं दोनदा म्हटलं आणि फोन ठेवला.

‘‘क्या बोला?’’

‘‘बोला, कल सुबह. भाई का मुंह दिखाओ, मैं तुम्हारे जनरल का मुंह दिखाता हूं.’’

सकाळी नवा मास्टर आला. तरुण, नम्र, मला वाकून नमस्कार केला. मी त्याला डबे दाखवले, वाफेची खोली दाखवली. तो कामाला लागला. मामादू गेटजवळच्या कट्ट्यावर फोन मांडीवर ठेवून बसला. मी त्याच्याजवळ गेलो नाही. माझ्या टेबलावर बसून राहिलो. सुमनचा फोन आला: ‘‘त्याना भाऊनं काही कळनं का?’’ मी नाही म्हटलं. ती म्हणाली, बरं, आणि फोन ठेवला नाही. तिच्याकडच्या कुकरची शिट्टी मला ऐकू येत होती.

नव्या मास्टरचा नमुना वाफेत गेला तेव्हा मामादूचा फोन वाजला. मी तसाच उठून बाहेर गेलो. पडद्यावर एक पोरसवदा माणूस होता. डोकं भादरलेलं, ओठ सुजलेला, मागं दवाखान्यासारखी हिरवी भिंत. मामादू त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं काहीतरी विचारलं. त्या मुलानं उत्तर दिलं. मामादूनं डोळे मिटून घेतले. नंतर त्यानं मला सांगितलं. तो नेमका सेकूच आहे आणि शुद्धीवर आहे, हे बघायला त्यानं विचारलं होतं, आपल्या विहिरीत काय पडलं होतं? उत्तर होतं, काकांचा रेडिओ. पडल्यावरही थोडा वेळ वाजत होता.

फोन बंद झाला. तेवढ्यात नवा मास्टर नमुना घेऊन बाहेर आला, मागं शेठ आणि त्यांचा मुलगा. मामादूनं नमुना घेतला, नेहमीप्रमाणं उन्हात गेला, दोन्ही हातांनी ताणून धरला. जनरलचा चेहरा उन्हात झळकला. कापडाच्या काठावर त्यानं सही केली.

‘‘ओके,’’ तो म्हणाला. ‘‘फर्स्ट क्लास.’’

शेठच्या मुलानं नव्या मास्टरची पाठ थोपटली. मी त्याच्या रंगाचं माप पाहिलं. चारही तपकिरी मी पहिल्या नमुन्यात घेतले होते तेच, एकाच्या प्रमाणात नखभर फरक. पोरगा खरंच हुशार होता. मी त्याला तसं सांगितलं.

माल छापला गेला. विमानतळ उघडल्यावर मामादू मुंबईहून गेला. निघताना सुमननं त्याला बाजरीचं पीठ बांधून दिलं. तो म्हणाला, आमच्याकडं बाजरी आहे. ती म्हणाली, आसू दे.

मिलमध्ये त्यानंतर चेहरे माझ्याकडं आले नाहीत. नवा मास्टर कायमचा आला, चेहरे त्याच्याकडं गेले, आणि मला साड्यांवर ठेवलं. पगार तोच, मान तोच, फक्त अवघड काम आलं की लोक माझ्या टेबलावरून पुढं जायचे. शेठला मी खरं कधी सांगितलं नाही. ते वारले, मुलगा परदेशात असतो, म्हणून आज लिहितो आहे. वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं तर वाटलं. तो पहिला नमुना मामादूशिवाय कुणीच पाहिला नाही याचं वाटलं.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना मामादू पुन्हा सुरतेला आला. या वेळी बरोबर सेकू होता. तिकडं गादीवर अजून जनरलच होते. त्याला सोडून दिलं होतं, नोकरी अर्थातच गेली होती, आणि भाऊ त्याला धंदा शिकवायला घेऊन फिरत होता. पंचविशीचा उंच मुलगा, एका पायानं किंचित लंगडत होता. घरी आला, सुमनच्या पाया पडला. तसं करायचं असतं हे भावानं शिकवलं असावं. मग मी त्याला मिल दाखवायला नेलं.

रंगाची खोली ओली असते. डबे सांडतात, पोरं फरशी पुसत असतात. पुसायला बाजूला काढलेल्या खराब कापडाचे तुकडे वापरतात, त्यावर काय छापलंय हे कुणी बघत नाही. आम्ही आत शिरलो तेव्हा दारातच असा एक तुकडा पडला होता. त्यावर जनरलांचा चेहरा होता, ओला, बुटाच्या ठशांसकट. मामादू मागं बिपिनशी बोलत होता, त्याचं लक्ष नव्हतं. सेकूचं गेलं.

मला वाटलं तो हसेल. किंवा त्यावर पाय देईल. मी दिला असता.

तो जागेवर थांबला. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, मी बघतोय का ते. मी डब्यांकडं मान वळवली. तेव्हा तो खाली वाकला, तुकडा उचलला, त्यातलं पाणी पिळलं, चेहरा आत जाईल अशी घडी केली आणि ती माझ्या टेबलावर नीट, कोपऱ्याला कोपरा लावून ठेवली.